उलट्या छत्रीच्या बाई

ज्या सालात आमच्याकडं छत्रीचा काडीचाही उपयोग नव्हता, त्या सालात बाई छत्रीशिवाय घराबाहेर पडत नसत. उन्हासाठी म्हणावं, तर ती त्यांनी डोक्यावर कधी धरली नाही. छत्री उघडायची, उलटी करायची, मुठीला धरून बादलीसारखी खाली सोडायची आणि वाटेत दिसेल ते तिच्यात टाकत चालायचं, अशी त्यांची रीत. बांगडीचा तुकडा, सुतळीचं टोक, सोड्याच्या बाटलीचं बूच, कोंबडीचं पीस, कुणाच्या तरी चपलेचा तुटका अंगठा. त्यांच्या घरापासून आमची दूध संस्था हाकेच्या अंतरावर होती, पण तेवढं यायला त्यांना अख्खी सकाळ लागे.

पारावर बसलेले लोक विचारत, "बाई, छत्री उलटी कावून धरली? पाऊस झेलायचा इचार हाय का?"

बाई थांबत, आभाळाकडं एकदा नीट बघून घेत आणि म्हणत, "पडला तर सांगन. एकटी न्हाई पिणार बे."

हे 'बे' आमच्याकडं गडीमाणसं एकमेकांना म्हणतात, तेही बरोबरीच्यांना. बाई ते सगळ्यांना म्हणत. सरपंचाला, एस्टीच्या कंडक्टरला, चौसाळ्याच्या बाजारातल्या कापडवाल्याला आणि एकदा तर कीर्तनाला आलेल्या महाराजांनाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत चित्रकला आणि शिवण शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. गावातली निम्मी माणसं त्यांच्या छडीखालून गेलेली, त्यामुळं राग धरायची कुणाला सोय नव्हती. आमच्या संस्थेच्या चेअरमननं एकदा धीर करून म्हटलं, "बाई, चारचौघांत तरी मला बे म्हणू नगा." बाई म्हणाल्या, "बरं, न्हाई म्हणत. बस खाली बे." चेअरमन खाली बसला.

मी गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. गाव चौसाळ्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत. संस्था म्हणजे एक लांबट खोली, पुढं ओसरी, ओसरीपुढं अंगण. खोलीत वजनकाटा, दुधातलं फॅट मोजायचं यंत्र आणि भिंतीला लावून ठेवलेले दुधाचे कॅन. त्या साली आधी तळं आटलं, मग विहिरी, मग वैरण संपली आणि जनावरं छावणीत गेली. छावणीतली म्हैस जगली हेच पुष्कळ, ती दूध कुठून देणार. थोडक्यात, दूध संस्थेत दूध सोडून सगळं होतं. मी सकाळी कुलूप काढी, रिकामे कॅन पुसून ठेवी आणि संध्याकाळी कुलूप लावी. कॅनवर धूळ बसायची म्हणून मला काम तरी होतं.

अशात बायकांच्या हाताला काहीतरी उद्योग म्हणून वरून एक कार्यशाळा आली. कार्यशाळा येते म्हणजे आधी बॅनर येतो. 'महिलांसाठी मिक्स मीडिया हस्तकला कार्यशाळा. शनिवार, रविवार.' गावात रिकामी जागा आमचीच, म्हणून तो आमच्या ओसरीला लागला. बॅनरमागून शहरातल्या एक मॅडम आल्या, आणि मॅडमच्या मागून थर्माकोल, साटीनच्या फिती, चमकी आणि पांढऱ्या डिंकाच्या बाटल्या. मॅडम स्वभावानं गोड होत्या. त्यांनी आमच्या बायकांना थर्माकोलची बदकं करायला शिकवली. मेंढरं राखणारी कोंडाबाई आपलं बदक हातात घेऊन बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, "ह्याला पवायला पाणी कुठलं आणायचं?" मॅडम हसल्या. कोंडाबाई हसली नाही.

बाई पहिल्या रांगेत बसलेल्या. त्यांनी हात वर करून विचारलं, "मिक्स मीडिया म्हंजी काय वं?"

मॅडम म्हणाल्या, "वेगवेगळी माध्यमं एकत्र करायची. कागद, कापड, धातू, काच, काहीही."

"म्हंजी आमची छत्री," बाई म्हणाल्या, आणि छत्री मॅडमच्या टेबलावर ठेवून मोकळ्या झाल्या.

रविवारी संध्याकाळी फोटो निघाला आणि मॅडम गेल्या. पुढच्या शनिवारी सकाळी मी सहज संस्थेकडं गेलो, तर बाई पायरीवर बसलेल्या. शेजारी कोंडाबाई, आणखी पाचसहा जणी. मी विचारलं, "आज काय हाय?"

"कार्यशाळा."

"ती झाली की मागल्या हप्त्यात."

बाईंनी छत्रीच्या टोकानं बॅनर दाखवला. "शनवार, रैवार लिवलंय. कोणता शनवार ते कुठं लिवलंय बे?"

खरंच लिहिलं नव्हतं. बॅनर करणाऱ्यानं तारीख घालायची राहून गेली होती, आणि त्याचा तो विसर माझ्या सुट्ट्या खाऊन बसला. दोन दिवसांची कार्यशाळा आमच्याकडं कधी संपलीच नाही. खोलीची चावी माझ्याजवळ एकच. दुसरी कधीतरी हरवलेली. माझा संशय अजून छत्रीवरच आहे. तेव्हा दर शनिवारी, रविवारी मी दार उघडायला हजर, आणि उघडून बाजूला बसावं तर तीही सोय नाही. रिकाम्या हातानं बसलेला माणूस बाईंना बघवत नसे. "काय करायलास बे?" असं म्हणून त्या हातात कात्री देत. बायकांच्या घोळक्यात एकटा सचिव चिंध्या कापत बसलेला गावानं पाहिला, आणि गावानं जे म्हणायचं ते म्हटलं. माझ्या बायकोनं तर संध्याकाळी विचारलंच, "आज काय शिवून आलात?"

बाईंचे नियम सगळे त्यांचे स्वतःचे. दुकानातून आणलेलं काही चालणार नाही, हा पहिला. मॅडमनी मागं ठेवलेल्या डिंकाच्या बाटल्यांचा उपयोग त्या कागद उडू नयेत म्हणून वर वजन ठेवायला करत. झाकण एकीचंही उघडलं नाही. चिकटवायला ज्वारीच्या पिठाची खळ. तीही गिरणीत खाली सांडलेलं पीठ झाडून आणून शिजवलेली. दुसरा नियम, छत्रीत पडलं ते माझं. हा नियम त्या बोलून दाखवत आणि पाळतही. चेअरमन एकदा छत्रीत काय काय आहे हे बघायला वाकला, आणि त्याच्या खिशातला चष्मा आत घसरला. त्याच्या ते घरी गेल्यावर ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी तो मागायला आला, तोवर चष्म्याची एक काच निघून तिचं चित्रातलं तळं झालं होतं.

"बाई, ती माझी काच हाय," चेअरमन म्हणाला.

"व्हती," बाई म्हणाल्या. "आता ती बिंदुसरा हाय. पाणी भरलंय बग कसं."

आमच्याकडच्या खऱ्या बिंदुसरा तळ्याला तेव्हा भेगा पडलेल्या होत्या. चेअरमन चित्रातल्या तळ्याकडं एक डोळा मिटून बघत राहिला आणि काच तिथंच ठेवून गेला.

पण चित्राचं मी पुढं सांगणार आहे. त्याआधी दुरड्यांचं सांगायला हवं. लगद्याची दुरडी आमच्याकडं जुनीच. रद्दी भिजवायची, कुटायची, मेथ्यांचं पीठ घालून मळायची, मग घागर पालथी घालून तिच्यावर तो लगदा थापायचा आणि वाळला की दुरडी अलगद काढून घ्यायची. अडचण इतकीच, की त्या साली पालथी घालायला घागर कुणाच्याच घरी रिकामी नव्हती. सगळ्या टँकरच्या रांगेत. कोंडाबाई म्हणाली, "मी मेले तरी माझी घागर रांगंतून काढायची न्हाई." मग बाईंची नजर खोलीतून फिरत फिरत माझ्या पुसून ठेवलेल्या कॅनवर आली.

मी म्हणालो, "बाई, ती संस्थेची मालमत्ता हाय."

"पालथी घातली की झिजती का बे?"

कॅन पालथे झाले. भिजवायला पाणी कुठलं, तर प्रत्येकीनं घरून आणायचं, पण वापरलेलं. कुणी तांदळाचं धुवण आणी, कुणी भांड्यांचं. त्यामुळं कुणाच्या दुरडीला भाताचा वास आणि कुणाच्या दुरडीला राखेचा. असे माझे सगळे कॅन एका रविवारी अंगभर कागद लेवून उन्हात उभे असताना, नेमका त्याच दिवशी एक सभासद दुधाचा तांब्या घेऊन संस्थेत आला. कित्येक आठवड्यांनी संस्थेत दूध आलं होतं, आणि ते घ्यायला माझ्याकडं भांडं नव्हतं. मी बाईंकडं पाहिलं. बाईंनी दुधाकडं पाहिलं. "कॅन वल्ले हायेत," त्या म्हणाल्या, "अन् दूध काय थांबणार न्हाई. च्या ठिवा." सभासदाला आपलंच दूध आपल्याच संस्थेत चहातून प्यावं लागलं. त्यानं दोन कप घेतले.

मलाही त्यांनी एक दुरडी करायला लावली. ती वाळल्यावर कॅनवरून काढली, तर एका बाजूला कलती. बाईंनी ती फिरवून फिरवून पाहिली, मग माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "हितं बरी बसती." माझ्या मुलीच्या लग्नात तिच्यात तांदूळ ठेवले होते. अजून आहे ती.

आता बाई राहत होत्या कुठं, तर भाचीच्या घरी, ओसरीवर. भाची मनानं वाईट नव्हती, घर लहान होतं. त्याआधीचं सगळं आयुष्य बदलीच्या गावांत, दुसऱ्यांच्या खोल्यांत गेलं. माजलगाव, गेवराई, मधे काही वर्षं आमचं गाव, मग आणखी कुठल्या कुठल्या वस्त्या. घरमालक चांगले असत, पण भिंतीला खिळा मारू देत नसत. शाळेत भिंती पुष्कळ, पण त्यांच्यावर सुविचार. हे सगळं मला एका रविवारी कळलं. बायका घरी गेल्या होत्या, मी खोली झाडत होतो आणि बाई आमच्या मागच्या लांब भिंतीपुढं उभ्या राहून वितीनं तिची मोजणी करत होत्या. मी विचारलं, "काय मोजायलाव?"

"माझी चित्रं समदी टरंकेत हायेत, घडी घालून," त्या भिंतीकडंच बघत म्हणाल्या. "जलमभर पोरांना चित्रं काढाय शिकवलं. माझं एक बी कुठं टांगलेलं न्हाई. चित्राला घडी पडली की ते गेलंच बे." मग त्यांनी भिंतीवर हात ठेवला. "ही भित मला पायजे."

मला आधी हसू आलं. दूध संस्थेची भिंत कुणी मागतं का. पण त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसू जिरलं. या बाईनं कधी कुणाला काही मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "चेअरमनला इचारावं लागंल." खरं तर मला तेव्हाच हो म्हणून टाकावंसं वाटलं होतं.

चेअरमननं हात झटकले. त्याचंही खोटं नव्हतं. सगळ्यांचीच जनावरं काही छावणीत नव्हती. ज्यांची दावणीलाच होती, त्यांच्यासाठी संस्थेनं कडबा आणून ठेवावा असं सभासदांचं म्हणणं होतं, आणि कडबा ठेवायचा तर खोली लागणार. तो म्हणाला, "सभंत ठरू द्या. सभासदांनी म्हटलं कार्यशाळा, तर कार्यशाळा. कडबा म्हटलं तर कडबा."

बाईंनी ठरवलं, की सभेच्या दिवशी सगळ्यांना दिसेल असं एक मोठं चित्र करायचं. भिंतीच्या मापाचं. लोकांनी एकदा बघितलं की त्यांच्याच्यानं नाही म्हणवणार नाही. मला ही आशा थोडी भोळी वाटली, पण मीही सुतळ्या वळायला लागलो.

चित्र म्हणजे आमचं गाव. खालचं कापड म्हणून संस्थेत पडलेली सरकी पेंडीची रिकामी पोती उसवून एकमेकांना शिवली. डोंगर कोंडाबाईनं दिलेल्या लोकरीचे. रस्ता काथ्याचा, शेतं उसाच्या पाचटाची आणि कडब्याच्या चिपाडांची, देवळाचं शिखर सोड्याच्या बुचांचं. आणि घरं. प्रत्येकीनं आपलं घर आपण करायचं, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून. ज्या बायका कार्यशाळेला येत नव्हत्या त्यांची घरं बाईंनी स्वतः केली. गावातली कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली होती. त्या साली माजलगावकडं ऊस नव्हता म्हणून टोळ्या पार कर्नाटकात गेल्या होत्या. बाई प्रत्येक घराला कापडाचं दार करत, एका कडेनं शिवलेलं, उघडता-मिटता येणारं. तोडीला गेलेल्यांची दारं त्यांनी मिटून एक टाका घातला होता. मग एकेक बिऱ्हाड परत यायला लागलं, तसं ते आल्या आल्या बाई त्याचा टाका उसवत आणि दार उघडत. कोण परत आलं हे आम्हाला पुष्कळदा चित्रावरूनच कळे. त्या बायका बैलगाडीतून उतरल्या की आधी संस्थेत येऊन आपलं दार बघून जात.

सगळी घरं झाल्यावर कोंडाबाईनं विचारलं, "बाई, तुमचं घर कुठाय?"

"मी कुठं हितली?" बाई म्हणाल्या. "भाचीचं झालंय की."

"ते भाचीचं. तुमचं?"

कोंडाबाई एकदा चिकटली की सुटत नाही. बाकीच्याही म्हणायला लागल्या. बाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी खालच्या कोपऱ्यात एक खोली केली. लांबट, पुढं ओसरी. आमची संस्थाच ती. बाकी सगळं चित्र टाकाऊ वस्तूंचं, पण या एका खोलीपुरता त्यांनी आपला नियम मोडला. कोंडाबाईनं मेंढरांसाठी राखलेल्या ताज्या कडब्यातली हिरवट पानं मागून घेतली आणि त्यांच्या घड्या घालून भिंती विणल्या. वरून खळीचा जाड हात दिला. दार आपल्या नेसत्या पातळाच्या काठाचं. मी त्यांना इतकं जपून काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

आता नीट बघा. पेंडीची पोती, ज्वारीच्या पिठाची खळ, पाचट, चिपाडं, ताजा कडबा. वैरणीच्या दुष्काळात आम्ही भिंतीएवढं खाद्य शिवून तयार केलं होतं. आम्ही सगळे जन्मभर जनावरं पाळणारे, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

सभेला लोक खोलीत मावेनात, म्हणून सभा अंगणात भरली आणि चित्र ओसरीच्या भिंतीला टांगलं. लोक येत आणि आधी आपापलं घर शोधत. चेअरमन थोडा उशिरा आला. छावणीतून तो आपला लाल्या बैल घरी घेऊन चालला होता. वाटेत सभा लागली, म्हणून त्यानं बैल ओसरीच्या खांबाला बांधला आणि लोकांकडं तोंड करून भाषणाला उभा राहिला. बैल आणि चित्र दोन्ही त्याच्या पाठीशी.

तो म्हणाला, "मंडळी, दुष्काळ लई वाईट हाय. पण एक सांगतो, आपण जनावरांना काय बी कमी पडू दिलं न्हाई."

लाल्यानं मान लांब केली आणि डोंगर हुंगला. लोकर त्याला पटली नाही. मग त्यानं खालच्या कोपऱ्याकडं तोंड नेलं आणि हिरव्या भिंतीची एक घडी ओढून काढली.

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. चेअरमनला वाटलं भाषण रंगायला लागलं. त्यानं आवाज चढवला. "माझ्याच बैलाचं बगा. कुणाच्या वैरणीला तोंड लावायची सवय न्हाई त्याला."

आता सगळं अंगण हसायला लागलं. चेअरमनही समाधानानं हसला. कोंडाबाई ओरडली, "आरं, मागं बगा, खोली खाल्ली त्यानं." चेअरमननं वळून पाहिलं. लाल्याच्या तोंडातून पातळाचा काठ लोंबत होता.

हसू एकदम थांबलं. चेअरमननं कासरा धरून बैल मागं ओढला, पण लाल्या पाय रोवून उभा. चेअरमननं हात उगारला. तेवढ्यात बाई उठल्या. त्या काय बोलतील याची मलाच भीती वाटली. त्या ओसरीवर चढल्या, बैलाजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. छावणीतल्या बैलाची पाठ ती, सगळी हाडं हाताला लागत असणार. त्यांचा हात एकेका फासळीवर थांबत खाली आला.

"मारू नगं," त्या म्हणाल्या. "खाऊ दे बे. भुकेलंय."

बैल खात राहिला आणि सगळी सभा बसून बघत राहिली. भिंती संपल्या, ओसरी संपली, खालच्या पोत्याचाही एक घास गेला. मग बाईंनीच पातळाचा काठ त्याच्या तोंडातून हळूच सोडवून घेतला, पदराला पुसला, मुठीत धरला आणि सभेकडं वळल्या.

"इचारायचं काय राहिलंय?" त्या म्हणाल्या. "खोलीत कडबा भरा. बायका ओसरीवर बसतील."

चेअरमन खाली बघत होता. "बाई, तुमी इतके दिवस राबलाव..."

"चित्र तेवढं त्या भितीला लावा. अन् म्होरं रचा तुमचा कडबा. दिसलं न्हाई तरी चालंल. घडी नगं घालू त्याला."

मला त्या क्षणी बाईंचा राग आला. जन्मात एक गोष्ट मागितली आणि तीही हातची सोडून दिली. पण सभा उठली तेव्हा मी तोंड फिरवून कॅन पुसायला लागलो, कारण डोळे भरून आले होते. चित्र मागच्या भिंतीला लागलं. दोन दिवसांनी कडब्याची गाडी आली आणि त्याच्यापुढं पेंढ्या रचत रचत छतापर्यंत गेल्या. आमचं गाव दिसेनासं झालं.

पण कडबा ठेवण्यासाठी नसतो, खाण्यासाठी असतो. जसजशा पेंढ्या जायला लागल्या, तसं चित्र वरून उघडं पडायला लागलं. आधी डोंगर निघाला. मग सोड्याच्या बुचांचं शिखर. लोक वैरण न्यायला येत आणि विचारत, "कुठवर आलंय?" मी सांगे, "देवळाच्या पायऱ्या दिसायला लागल्यात." मग आठवडाभरात वरची आळी निघे. ज्याचं घर उघडं पडे तो पेंढी डोक्यावर घेऊन जरा थांबून जाई. चेअरमनला तळं दिसलं त्या दिवशी त्यानं जुन्या सवयीनं एक डोळा मिटला. बाई शनिवारी येत, दारातून एकदा आत बघत आणि ओसरीवर आपल्या कामाला बसत. विचारत काही नसत.

पुढं पाऊस झाला. तो कसा झाला हे आमच्याकडचा कुठलाही माणूस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगेल. जनावरं परतली, उरल्यासुरल्या पेंढ्या गेल्या आणि शेवटी खालचा कोपराही उघडा पडला. तिथं भोक होतं. कडा चघळलेल्या. बायका म्हणाल्या, आपण पुन्हा करू. बाई म्हणाल्या, "राहू द्या. लाल्याचं पोट भरलंय तिथं."

तेव्हापासून चेअरमन अस्वस्थ असे. एका बुधवारी तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "खोलीची चावी दे." मी दिली. नाहीतरी कडबा संपल्यापासून कुलूप नुसतं कडीत अडकवून ठेवलेलं असे. दुसऱ्या दिवशी तो हसत हसत आला.

"दिली बग बाईला खोली. दूध आपण ओसरीवर घिऊ. कमिटीला इचारलंय मी."

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई म्हणाल्या. मी कुठं बोललो?" चेअरमनचं हे असंच आहे. गावापुढं भाषण करील, पण एखाद्याला चांगलं सांगायचं म्हटलं की घसा बसतो. "त्या पारापाशी कुणाला तरी रागवायलत्या. मी मागून गेलो अन् चावी छत्रीत टाकली."

"चेअरमन," मी म्हणालो, "छत्रीत?"

त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

शनिवारी आम्ही दोघंही लवकर गेलो, पण बाई आमच्याही आधी आलेल्या. मागच्या भिंतीपुढं बसून त्या सुई ओवत होत्या. खालच्या कोपऱ्यातल्या भोकाला मागून पोत्याचं ठिगळ लागलं होतं. त्या ठिगळावर आमच्या खोलीची चावी आडवी बसवलेली, पक्क्या दोऱ्यानं गच्च टाके घालून, वर खळीचा हात. आणि बैलाच्या तोंडातून सोडवून घेतलेला पातळाचा काठ त्या चावीच्या पुढं दार म्हणून शिवणं चाललं होतं.

चेअरमन माझ्या मागं लपला. मी म्हणालो, "बाई, ती चावी हाय."

"मंग? मला काय चमचा वाटला?"

"चेअरमननं खोली दिलीय तुमाला. कुलपाची चावी हाय ती. एकच हाय."

बाईंनी शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि कापडाचं दार बोटानं मिटून-उघडून पाहिलं. मग उघडंच ठेवलं.

"समजलं मला," त्या म्हणाल्या. "लई चांगलं केलं म्हणावं त्याला. पण कुलूप लावून मी काय करू बे? आत मी, अन् बाकीच्यांनी कुठं जायचं?" त्यांनी उठताना भिंतीला आधारासाठी हात लावला, आणि तो तिथंच ठेवला. "भित पायजे व्हती. ती घावली."

चेअरमन ओसरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं बाई बाहेर आल्या आणि त्याच्या हातात कात्री दिली. तो चिंध्या कापायला लागला.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. संस्थेत दूध येतं, ते ओसरीवर घेतलं जातं, आणि शनिवारी-रविवारी खोलीत बायका असतात. बॅनरचा रंग उडाला, अक्षरं अजून वाचता येतात. मी निवृत्त झालो, त्या दिवशी नव्या सचिवाला चार्ज दिला. काटा दाखवला, यंत्र दाखवलं, कॅन मोजून दिले. मुलगा शहरात शिकलेला, हुशार. त्यानं दाराकडं पाहिलं, कडीत अडकवलेलं उघडं कुलूप पाहिलं आणि विचारलं, "साहेब, याची चावी?"

मी त्याला भिंतीपाशी नेलं.